उकडलेल्या अंड्याचा वास

अंडं उकडायला ठेवलं की पहिली पाच मिनिटं काही होत नाही. मग पाणी खदखदायला लागतं, एखादं टरफल तडकतं आणि पांढऱ्याचा फेसाळ तंतू बाहेर येऊन पाण्यात लोंबकळत राहतो. त्यानंतर तो वास येतो. आधी पातेल्याला, मग पदराला, मग केसांना. सोलताना टरफलाच्या आतली ती ओली, पातळ कातडी बोटाला चिकटते आणि झटकली तरी सुटत नाही. आतलं पांढरं हातात थलथलतं. मला नुसतं लिहितानासुद्धा घशाशी येतंय. शी!

आणि मी अंगणवाडी सेविका आहे. म्हणजे अंड्याचं कौतुक करण्याचं मला मानधन मिळतं. डिंगोऱ्यापासून आत एका वाडीवर, भिंतीवरच्या तक्त्यावर पट्टी ठेवून, मी इतकी वर्षं बायांना सांगत आले. अंड्यातली प्रथिनं अंगी चांगली लागतात आणि पोटातल्या बाळाला तीच हवी असतात. पांढऱ्यात प्रथिनंच, पण बाकीचा ऐवज पिवळ्यात. जीवनसत्त्वं तिथं, म्हणून पिवळं टाकायचं नाही. दुधात फेटून कच्चं प्यायचं नाही, उकडलेलं जास्त अंगी लागतं. क जीवनसत्त्व तेवढं अंड्यात नसतं, म्हणून वर लिंबू पिळायचं. लोहाच्या गोळ्या आणि पालेभाजी चालू ठेवायचीच, अंडं म्हणजे काही जादू नाही. हे सगळं मला तोंडपाठ आहे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण ज्यानं कुणी केली त्यानं मला आधीच कुठंतरी पाहिलं असणार.

मी बारा वर्षांची असल्यापासून अंड्याला तोंड लावलेलं नाही. माझं माहेर कळंबचं. घराला लागून चुलत्यांची अंड्यांची पोल्ट्री होती. उन्हाळ्यात शेडमधल्या विष्ठेचा वास घरात घोंगडं टाकून बसल्यासारखा बसायचा, आणि माश्या तर विचारू नका. चहाची बशी तोंडाला लावण्याआधी फुंकर मारून माशी उडवायची, ही आमच्या घरची रीत होती. तडकलेली अंडी गिऱ्हाईक घेत नाही, म्हणून ती आमच्याकडे यायची. सकाळी भुर्जी, दुपारी कालवण, आणि संध्याकाळी उरलीसुरली पुन्हा भुर्जी. एकदा भुर्जीत शिजलेली माशी निघाली. आई म्हणाली, बाजूला कर आणि खा. मी ताटच बाजूला केलं, ते कायमचं. त्या शेडमध्ये हजारांनी कोंबड्या होत्या आणि कोंबडा एकही नव्हता, हेही मला तेव्हापासून माहीत आहे. माहीत असून पुढं त्याचा काही उपयोग झाला नाही.

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी सासरी सांगून टाकलं, घरात अंडं शिजणार नाही. नवरा तेव्हापासून एसटी स्टँडवर ऑम्लेट-पाव खातो आणि बडीशेप चघळत, जणू देवळातून आलोय अशा चेहऱ्यानं दारात उभा राहतो. मला अंगणापासूनच कळतं.

केंद्रावर मात्र माझी सुटका आमच्या मदतनीस बाईंनी केली होती. उकडणं, सोलणं, खाऊ घालणं सगळं त्या करायच्या. मी तक्त्याजवळ उभी राहून गुण सांगायची आणि वास आला की काहीतरी काम काढून बाहेर जायची. त्या निवृत्त झाल्या. नवीन कुणी यायला वेळ लागणार होता, आणि तोवर पातेलं माझ्या गळ्यात आलं.

त्या वेळी वाडीवर गरोदर बाई एकच होती. मेंढपाळाच्या घरातली सून, पहिलटकरीण, पाचवा महिना, आणि अंगानं काडी. तिच्या सासूला मी मावशी म्हणते. मावशीनं अर्धं आयुष्य मेंढरांमागं काढलेलं. दिवाळीनंतर कोकणात उतरायचं, पावसाच्या आधी वर यायचं. आता कळप दिराकडे आहे, मुलगा मंचरच्या बाजारात माल पोचवायला पिकअप चालवतो आणि मावशी थोड्या शेतावर कांदा करते. उपकेंद्राच्या नर्सबाईंनी सुनेचं वजन केलं, रक्त तपासलं आणि मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "हिला खाऊ घाला. अशीच राहिली तर बाळ बारीक होईल, कदाचित दिवस भरायच्या आतच येईल. बारीक आणि अपुऱ्या दिवसांचं म्हणजे जिवाशी खेळ."

नियम साधा होता. अंडं केंद्रात उकडायचं, बाईला समोर बसवायचं आणि आपल्या देखत खाऊ घालायचं. घरी द्यायचं नाही. घरी दिलेलं अंडं नवरा खातो, दीर खातो, आलेला पाहुणा खातो. जिच्यासाठी दिलं तिच्या वाट्याला टरफलसुद्धा येत नाही. हे प्रशिक्षणात मी मान डोलावून ऐकलं होतं आणि नंतर बायांना ठासून सांगितलंही होतं.

पहिल्या दिवशी मी पातेलं गॅसवर ठेवलं आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. वास आला. पदर नाकाला लावला. सुनेला समोर बसवलं, एक अंडं चमच्यानं काढलं, आपटलं, सोलायला घेतलं. ती कातडी बोटाला चिकटली. मी तशीच उठले आणि मागच्या दारी जाऊन सकाळचा चहा-चपाती सगळं बाहेर काढलं. तोंड धुऊन आत आले तर ती पोरगी तोंडाला पदर लावून हसत होती.

"ताई, तुमाला बी दिस गेल्यात का काय?"

मला राग आला आणि हसूही आलं. तिनंही त्या अंड्याला हात लावला नव्हता. वासानं तिलाही मळमळत होतं. मी उरलेली कच्ची अंडी कागदात गुंडाळली आणि तिच्या ओटीत घातली. "घरी सासूला उकडून दे म्हणावं. रोज एक. पिवळं टाकू नको." ती ओटी सांभाळत गेली आणि मी दारं-खिडक्या उघडून, फिनेल टाकून फरशी पुसली. मला इतकं हलकं वाटलं की विचारू नका.

तेव्हापासून दर सोमवारी सहा कच्ची अंडी मी तिच्या ओटीत घालत गेले. "खातेस ना?" मी विचारायची. ती मान डोलवायची. सुपरवायझर बाई आल्या की मी सांगायची, समोर बसवून देते. खोटं बोलताना माझी जीभ जरासुद्धा अडखळली नाही, हे आज आठवलं तरी अंगावर काटा येतो.

महिना गेला, दुसरा गेला. नर्सबाई काट्यावर उभं करायच्या आणि काटा जागचा हलायचा नाही. सातव्या महिन्यातही पोट हातानं चाचपडून शोधावं लागत होतं. मी तिला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. एवढी अंडी जातात कुठं, नवऱ्याला घालतेस का, आई व्हायचंय की नाही, असं काय काय बोलले. ती खाली मान घालून अंगठ्यानं जमीन उकरत राहिली.

शेवटी मीच त्यांच्या घरी गेले. ऊन असं होतं की पत्र्याकडं बघवत नव्हतं. घर अजून पन्नास पावलांवर असतानाच वास आला. आधी वाटलं कुठं कुत्रं मेलंय. मग वाटलं, नाही, हा आपल्या ओळखीचा आहे. नाकात कापूस घातला तरी हा वास मला ओळखू आला असता.

पडवीत मावशी बसली होती. तिच्या शेजारी कोंबड्या झाकायची दोन डालगी पालथी घातलेली. "या बाई," ती म्हणाली, "जरा वास येतोय, काय झालंय कळंना." मी म्हटलं, कोंबडी मेलीय का बघा, आणि वाकून एक डालगं उचललं. आत खुडूक कोंबडी पिसं फुलवून अंडी उबवत बसलेली. ती फिस्कारत उठली, तिचा पाय मागं पडला आणि खालचं अंडं फटाक्यासारखं फुटलं. फुटलं ते माझ्यावर. हिरवट, काळपट, कोमट पाणी माझ्या निऱ्यांवर, हातावर, हनुवटीवर. ओठावरही काहीतरी होतं. मी किंचाळायला तोंड उघडलं आणि लगेच मिटलं, कारण उघडलं तर ते आत गेलं असतं.

मावशीनं घागरभर पाणी माझ्यावर ओतलं. सून साबण घेऊन धावली. मी ओकत होते, धूत होते आणि पुन्हा ओकत होते. जरा भानावर आले तेव्हा मावशी त्या डालग्याशी बसून उरलेली अंडी एकेक करून कानाशी हलवत होती. आत पाणी डुचमळत होतं.

"पिल्लं न्हाई निघाली," ती म्हणाली. "एकवीस दिस झालं, वर चार झालं. मेंढीला बी दोन दिस मागं-म्होरं व्हतं, म्हनून म्या वाट बघितली. पयली खेप बी अशीच उकिरड्यात गेली."

"कुठली अंडी ही?"

"तुमीच दिल्याली की."

"मावशी, ती सुनेला खायला दिली होती!"

"व्हय. पर तिला वकारी येती. आन एक अंडं खाल्लं तं एक दिस जातो, बाई. त्येच कोंबडीखाली घातलं तं वरीसभर अंडी. आमी मेंढरावाली मान्सं. कोकरूच कापून खाल्लं तं कळप कसा वाढायचा? बाळातपणाला पोरीला दारातली अंडी, दारातला रस्सा, असा इचार व्हता माजा. म्हनून ह्या दोन कोंबड्या घेतल्या. ही दुसरी बी खुडूकच मागून आनली."

तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर मी तिथंच धुऊन काढलं असतं. पण त्या बाईचा विचार वेडा नव्हता. जन्मभर ज्या रीतीनं तिनं घर चालवलं, त्याच रीतीनं ती सुनेचं बाळंतपण सजवायला निघाली होती. कोंबड्या तिनं आयुष्यात कधी पाळल्या नव्हत्या, एवढंच.

"मावशी," मी म्हटलं, "ही अंडी उबणारच नाहीत. ही शेडमधली. तिथं कोंबडा नसतोच."

तिनं हातातलं अंडं पुन्हा एकदा कानाशी हलवलं. "म्हंजी मेंढ्याबिगर मेंढरं?"

"हो."

"मंग त्या अंडी देत्यात तरी कशाला?"

तिनं हातातलं अंडं हळूच खाली ठेवलं. "आन तुमाला ह्ये ठाव व्हतं?"

"लहानपणापासून."

"मंग येका शबदानं सांगायचं न्हाई?"

मी सुनेवर घसरले. "आणि तू गं? मी दर सोमवारी विचारत होते ना, खातेस का म्हणून? नंदीबैलासारखी मान हलवायचीस!"

ती माझ्या साडीचा ओला पदर पिळत होती. वर न बघता म्हणाली, "ताई, तुमी इचारायचा तवा त्वांड तिकडं करूनच इचारायचा. अंडी देताना नाक धरायचा. मला वाटलं, तुमाला बी ह्ये नकोच हाय."

मी मावशीचं जुनं लुगडं गुंडाळून घरी आले. तीनदा अंघोळ केली, शिकेकाईनं डोकं धुतलं, तरी वास जाईना. नवऱ्यानं लांबूनच नाकाला हात लावला. आयुष्यभर मला किळस आली ती पोल्ट्रीची, माश्यांची, नवऱ्याच्या बडीशेपेची. त्या दिवशी पहिल्यांदा माझी मला आली. मावशीची चूक अडाण्याची होती. माझी तशी नव्हती. मला सगळं येत होतं, फक्त एक पातेलं समोर ठेवून दहा मिनिटं बसणं येत नव्हतं, आणि तेवढ्यासाठी मी एका पोरीच्या पोटातले दोन महिने घालवले होते.

दुसऱ्या दिवसापासून मी तिला समोर बसवायला लागले. अंडं मी उकडायची, मीच सोलायची. लिंबाची साल नाकाशी धरून सोलायची, पण सोलायची. तिला अख्खं जाईना. मग मावशीनं वाट काढली. ती घरून गरम बाजरीची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा घेऊन यायची, अंडं कुस्करून भाकरीवर पसरायची, वर ठेचा आणि लिंबू. तसं ते पोरीच्या गळ्याखाली उतरायला लागलं. सोमवार भीमाशंकराचा, त्या दिवशी अंडं नाही म्हणजे नाही, यावर मावशी हटून बसली. मग मी मंगळवारी दोन घालायची. पोरगी एकदा म्हणाली, "ताई, तुमी बी एक घास खाऊन दावा की." मी म्हटलं, माझ्या पोटात कुठं बाळ आहे, आणि पातेलं घासायला निघून गेले.

वजन हललं. थोडं, पण हललं. आठवा संपता संपता मात्र तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. मुलगी झाली, सव्वादोन किलोलाही कमी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. मी दवाखान्यात गेले तेव्हा काचेतून तिचा तळवा दिसला, माझ्या अंगठ्याएवढा. पेटीबाहेर मावशी भिंतीला टेकून बसली होती. मी नर्सबाईंना विचारलं, पाचव्यापासून नीट खाल्लं असतं तर? त्या म्हणाल्या, "तसं सांगता येत नाही." हो म्हणाल्या असत्या तर मी रडून मोकळी झाले असते. त्या उत्तरानं मला कसलीच सुटका दिली नाही.

आठ दिवसांनी पोर पेटीतून बाहेर आली. दूध ओढायला लागली. सव्वा महिन्यानंतर तिला डोस द्यायला केंद्रावर आणलं तेव्हा काट्यावर अशी भोकाड पसरून रडली की नर्सबाईसुद्धा हसल्या. त्या दिवशी वाडीवरच्या सात-आठ बाया जमल्या होत्या. मावशीनं मधल्या काळात जुन्नरच्या बाजारातून एक तांबडा कोंबडा आणला होता आणि तिच्या दारात आता खरोखरीची पिल्लं फिरत होती. बाळंतिणीसाठी ती दोन गावरान अंडी उकडून, सोलून, फडक्यात बांधून घेऊन आली होती.

बाया बाळाला बघत होत्या. कुणीतरी म्हणालं, पोर लई बारीक गं. मावशी लगेच म्हणाली, "माज्या येडेपणानं. म्या सुनंच्या तोंडचं काढून कोंबडीखाली घातलं. माजं पाप हाय ते." हे ती सगळ्यांना सांगत सुटली होती, दवाखान्यात, बाजारात, पाणी भरताना. बाया चुकचुकायच्या आणि ती मान खाली घालायची. मी महिनाभर ते ऐकत होते आणि गप्प होते.

त्या दिवशी मला ते ऐकवलं नाही. मी हातातली पट्टी ठेवली आणि म्हटलं, "मावशी, पाप तुमचं नाही. अंडं घरी द्यायचंच नसतं. इथं उकडून, समोर बसवून, माझ्या देखत खाऊ घालायचं, असा नियम आहे. मला वासाची किळस येते म्हणून मी कच्ची दिली. सुपरवायझर बाईंनाही खोटं सांगितलं."

नर्सबाई सुई भरता भरता थांबल्या. सुनेनं बाळ छातीशी धरलं. मावशी माझ्याकडे इतका वेळ बघत राहिली की मला वाटलं, आता ही उठून कानफटात देणार, आणि मी घेणार.

तिनं फडकं सोडलं. त्यातलं एक अंडं सुनेच्या हातात दिलं. दुसरं माझ्या पुढं धरलं. सोललेलं, ओलसर, थलथलणारं. तो वास आला.

"बस खाली," ती म्हणाली. इतकी वर्षं ती मला 'तुमी' म्हणायची. "खा. माज्या देखत."

मी फरशीवर बसले. पहिला घास तोंडात फिरत राहिला. पांढरं दाताला लागलं. मी डोळे मिटून गिळलं. बाया बघत होत्या. मावशी माझ्यासमोर उकिडवी बसली होती आणि तिनं तोंड फिरवलं नाही. अर्धं पांढरं संपल्यावर मी हात पुढं करून पाणी मागितलं.

तिनं तांब्या आपल्या मागं सरकवला.

"आदी पिवळं," ती म्हणाली.